जपूनमामाची रास्त झीज

आमच्या घरात भांडणाचं कंत्राट माझ्याकडे आहे. शिंप्याने बाही आखूड केली, कुणी रांगेत मध्ये घुसलं, दुकानदाराने सुटे पैसे कमी दिले, की मला बोलावणं येतं. मी घरगुती यंत्रं विकणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात फोनवर बसते. दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायचं आणि 'तुमचा त्रास मी समजू शकते' एवढंच म्हणायचं. मग सुट्टीच्या दिवशी कुणाशी तरी कडाडून भांडल्याशिवाय मला जेवण जात नाही. त्यामुळे मामाचा फोन आला आणि तो म्हणाला, गाडीवाल्यांशी भांडायला यायचंय, तेव्हा मी सुट्टीची वाटसुद्धा पाहिली नाही. सरळ रजा टाकली.

मामाला सगळे जपूनमामा म्हणतात. दार उघडल्यावर लोक 'ये' म्हणतात, हा 'जपून' म्हणतो. उंबरठा आहे, पायपुसणं घसरतं, कपाटाचा कोपरा टोकदार आहे. त्याची सगळी हयात काचसामानाच्या गोदामात पॅकिंग करण्यात गेली. पेले, बरण्या, झुंबरं, आरसे, जे जे म्हणून फुटू शकतं ते त्याने कागदात, भुशात आणि फोमात गुंडाळून जगभर पाठवलं. त्याने बांधलेल्या खोक्यातलं आजवर काही फुटलं नाही असं तो सांगतो. त्याचे मालकही तेच सांगतात, म्हणजे खरं असावं.

पण माणूस कामावरून घरी येताना काम दाराबाहेर ठेवत नाही. मामाच्या घरी रिमोटला प्लास्टिक आणि प्लास्टिकला रबरबँड. सोफ्याला कव्हर, कव्हर मळू नये म्हणून त्यावर चादर आणि चादर चुरगळू नये म्हणून पाहुण्यांना खुर्ची. लग्नात आलेला काचेच्या पेल्यांचा संच अजून खोक्यात आहे. त्याच्या मुलांची लग्नं होऊन ती दुसऱ्या गावी गेली, तरी तो उघडलेला नाही. आम्ही त्याला चिडवायचो की मामा, देवाने तुला पाठवलं तेव्हा तुझ्यावरचं वेष्टन काढायचं राहून गेलं. त्यावर तो मनापासून हसायचा आणि म्हणायचा, हसा, पण जपून.

असल्या माणसाने मुकादम झाल्याच्या आनंदात गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपनीकडून, अनामत ठेवून हप्त्यावर, नवी कोरी लाल गाडी घेतली. आता गाडी म्हटली की ती रस्त्यावर जायची, रस्त्यावर धूळ, धुळीत इतर गाड्या आणि इतर गाड्यांत माणसं. मामाने यावर उपाय काढला. गाडी घरी ठेवायची आणि आपण कामावर गोदामाच्या बसने जायचं. रविवारी सकाळी तो आच्छादन काढायचा, गाडी पुसायचा, पेट्रोल पंपापर्यंत नेऊन आणायचा, पुन्हा पुसायचा आणि आच्छादन घालायचा. सीटवरचं कारखान्यातलं प्लास्टिक त्याने कधी काढलंच नाही. काट्यांवर आणि आकड्यांवर जी पातळ पारदर्शक फिल्म चिकटवलेली असते, तीही तशीच. आच्छादनाखालच्या उष्म्याने ती पिवळी पडली, मग तपकिरी झाली, आणि शेवटी गाडी किती चालली हे वाचायला डोळे बारीक करून अंदाज बांधावा लागायचा. मामाला आकडा पाहायची गरजच वाटली नाही. पेट्रोल पंप किती लांब आहे हे त्याला ठाऊक होतं.

मामीचं सगळं उलटं. मामीचे हात सदा मातीत. मागच्या पायऱ्यांवर आणि गच्चीवर ती रोपं करते. टोमॅटो, मिरची, शेवंती, काही शोभेची. तिच्या हाताला गुण आहे. दुसऱ्यांकडे जे बी कुजतं ते तिच्याकडे चार पानांवर येतं. आधी शेजारणींनी नेली, मग दुकानांनी, मग कार्यालयांनी दारात ठेवायला कुंड्या मागवायला सुरुवात केली. आणि ही बाई दोन कुंड्या दोन बगलांत मारून बसमध्ये चढायची. दारात लाल गाडी उभी असताना. कारण मामाच्या गाडीत मातीचा कण जाणार नव्हता.

शेवटी एके दिवशी मामी म्हणाली की मला गल्लीच्या टोकाच्या बेकरीवाल्याची जुनी व्हॅन हवी. बेकरीवाला ती विकायला काढत होता. लाल गाडी हप्त्यांच्या मुदतीआधी परत करा, अनामत परत मिळेल, तिच्यात व्हॅन येते. तुम्ही रविवारी चालवाल, बाकीचे दिवस मी कुणाला तरी रोजावर ठेवीन. मामी कधी काही मागत नाही.

मामा दोन दिवस जेवला नाही नीट. मग म्हणाला, ठीक. पण एक अट. "आपली गाडी परत करताना छदामही कापला गेला, तर व्हॅन नाही. ज्याला एक गाडी सांभाळता आली नाही त्याने दुसरी घेऊ नये."

अट अवघड नव्हती. त्या गाडीवर तर माशीसुद्धा पाय पुसून बसत असेल. मामाने गाडी गाडीवाल्यांच्या आवारात नेऊन दिली. तिथल्या माणसाने सहज विचारलं, वापर कसा होता, तेव्हा हा छाती काढून म्हणाला, "वापर नाहीच." त्या माणसाने तसं लिहून घेतलं. आणि आठवड्याने फोन आला की तपासणी झाली, झीज आणि नुकसान मिळून अनामतीचा मोठा हिस्सा कापला जाईल, हरकत असल्यास समक्ष या. त्याच दिवशी बेकरीवाल्याने निरोप धाडला की दुसरं गिऱ्हाईक आलंय, उद्या संध्याकाळपर्यंत सांगा.

म्हणजे आता सगळं माझ्या जिभेवर होतं. मला इतकं स्फुरण चढलं होतं की सकाळी मी आरशासमोर दोन वाक्यांची तालीमसुद्धा केली.

परत आलेल्या गाड्यांचं ते आवार म्हणजे लांबलचक पत्र्याची शेड. ओळीने गाड्या, काचेमागे क्रमांकाचे कागद, शाम्पूचा आणि ओल्या रबराचा वास. वर इतके पांढरे दिवे की माणसाच्या डोक्यातला कोंडासुद्धा मोजून घ्यावा. आमची गाडी मधोमध उभी होती. धुऊन, पुसून, सगळी प्लास्टिकं काढून. मामा तिच्याकडे पाहून कळवळला. उघड्या अंगाने लेकराला कुणी थंडीत उभं करावं तसं त्याला वाटत असणार.

तपासनीस एक तरुण बाई होती. आखूड केस, हातात टॉर्च, गुडघ्याखाली घ्यायला फोमचा तुकडा. ती फार नम्र होती. समोरचा नम्र असला की भांडणाची निम्मी मजा जाते, पण मी हार मानणारी नव्हते. तिने तीन गोष्टी दाखवल्या. एक, सीटच्या कापडावर मोठमोठे चकाकते तपकिरी डाग. दोन, मागच्या बंपरच्या खालच्या कडेला ओरखडा. तीन, क्लच. क्लच इतका झिजला होता की म्हणे पुढच्या गिऱ्हाइकाला गाडी देण्याआधी बदलावाच लागेल.

मामा म्हणाला, "बाई, झीज हा शब्द आमच्या गाडीला लावू नका."

तिने समजावून सांगितलं. गाडी वापरली की थोडी झिजणारच. कंपनी त्याला रास्त झीज म्हणते आणि ती कंपनीच सोसते, गिऱ्हाइकाला भुर्दंड नाही. रास्त झिजेच्या पलीकडे जे असेल ते नुकसान, आणि नुकसान तेवढं भरायचं. कुणीही शहाण्याने इथे म्हटलं असतं की मग आमची सगळी झीज रास्तच समजा. पण मामाला 'रास्त झीज' हे शब्द शिवीसारखे लागले. तो म्हणाला, आमची झीज रास्तही नाही आणि गैररास्तही नाही, झीज नाहीच. गाडी वापरलीच नाही तर झिजेल कुठून. आणि मी, शहाणी भाची, त्याच्या सुरात सूर मिसळून म्हणाले, अगदी बरोबर.

बाई म्हणाली, पण गाडी तर बरीच चालली आहे. तिने दार उघडून आकडा दाखवला. फिल्म काढलेली असल्यामुळे आकडा आता लखलखीत दिसत होता. मामा वाकला, वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग सरळ उभा राहून शांतपणे म्हणाला, "हा आकडा माझा नाही."

बस. मला हेच हवं होतं. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गाडी आठवडाभर यांच्या ताब्यात, आकडा वाढलेला, बंपर घासलेला, क्लच झिजलेला. म्हणजे यांच्याच माणसांनी आमची गाडी घेऊन उंडारलं, कुठेतरी आपटली आणि वर बिल आम्हाला. चोराच्या उलट्या बोंबा. मी सुरू झाले. तक्रार विभागात वर्षानुवर्षं जी जी वाक्यं मी ऐकून घेतली होती, ती सगळी मी त्या दिवशी वापरली. ग्राहक म्हणजे काय समजता इथपासून ते वरच्या अधिकाऱ्याला बोलवा इथपर्यंत. शेजारच्या गाडीपाशी आपल्या डिकीवरून वाद घालणारा एक गृहस्थ स्वतःचा वाद सोडून माझ्याकडे आला आणि म्हणाला, बरोबर बोलताय ताई. आणखी दोघं जमले. मला पंख फुटले. मामाही मध्ये मध्ये ठोकत होता. त्या बंपरवर मी दर रविवारी हात फिरवायचो, ओरखडा असता तर मला कळला नसता का, आणि सीटचं काय विचारता, कापड तुमचंच निकृष्ट, डाग कापडातूनच उगवलेत.

मामी तेवढी बाकावर बसून होती. पर्स पोटाशी धरून.

अखेर मॅनेजर आला. त्याच्या खिशातला फोन वाजत होता, दुसऱ्या हातातलाही वाजत होता, आणि त्याला फक्त शांतता हवी होती हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. असा माणूस मी रोज असते. त्याने आमचं ऐकलं, आकडा पाहिला, जमलेली माणसं पाहिली. मग विचारलं, आवारात गाड्या कोण हलवतं. एकच माणूस हलवायचा. त्याला बोलावलं. पन्नाशीचा, डोक्यावर कापडी टोपी, हात शाम्पूने सुरकुतलेले. तो म्हणाला की मी फाटकापासून शेडपर्यंत आणली, धुतली आणि इथे लावली, बाकी काही केलं नाही. आकड्याचं मला माहीत नाही, ओरखडा मी लावला नाही. एवढं बोलून तो टोपी काढून हातात घेऊन उभा राहिला.

मॅनेजर म्हणाला, "विषय मिटवा. बंपर आणि क्लच याच्या पगारातून वळते करू. आमची चूक म्हणून सीटचंही सोडतो. तुमची अनामत पुरी घेऊन जा."

जिंकलो. पुरी अनामत. मी तर मनातल्या मनात बेकरीवाल्याच्या व्हॅनला हारसुद्धा घातला. जमलेल्यांपैकी एकाने टाळी वाजवली. मामाचा चेहरा असा उजळला की मला वाटलं हा आता त्या गाडीचीच पापी घेतो. सही करायला त्याने पेनाचं टोपण काढलं. त्या पेनालाही प्लास्टिकचं वेष्टन होतं.

तेव्हा मामी बाकावरून उठली आणि आमच्यात येऊन उभी राहिली.

"तो ओरखडा माझा आहे," ती म्हणाली. "या टोपीवाल्या भाऊंचे पैसे कापू नका."

मला वाटलं तिला चक्कर आली. मी तिला धरायला गेले, तर तिने माझा हात बाजूला केला. मग ती बोलली. मामी एवढं सलग बोललेली मी कधी ऐकली नव्हती, आणि ती कुणाकडे बघतही नव्हती, त्या टोपीवाल्याकडेच बघून बोलत होती, जणू हिशोब त्यालाच द्यायचा होता.

शेजारची परिचारिका रात्रपाळी करते. सकाळी ती घरी यायची, मामा बसने गेलेला असायचा, आणि दोघी आच्छादन काढून गाडी बाहेर घ्यायच्या. आधी मागच्या बोळात, मग मोकळ्या मैदानात, मग रस्त्यावर. सीट पुढे घ्यायची आणि येताना परत मागे सारायची, आरसे कुठे होते त्याच्या खुणा खडूने करून ठेवायच्या आणि नंतर पुसायच्या. क्लच सोडायचा कसा हेच तिला बरेच दिवस जमत नव्हतं. करपल्याचा वास यायचा, परिचारिका नाक दाबून म्हणायची, पुन्हा. पुढे जमलं. मग मामी सरळ कुंड्याच पोचवायला लागली. डिकीत जाड कापड अंथरायचं, कुंड्या ठेवायच्या, परतल्यावर माती झटकायची. बंपर मैदानातल्या खांबाला लागला. परिचारिकेकडे गाडीच्या रंगाचं नेलपॉलिश होतं, त्याचे दोन हात दिले. इथल्या धुण्यात ते निघून गेलं असणार.

डिकीवाल्या गृहस्थाला हसू आवरेना, तो खोकल्याचं निमित्त करून बाजूला गेला. मी मात्र तोंड उघडं टाकून उभी. आमची मामी, जी बसमध्ये खिडकीकडे बसायलाही घाबरते असं आम्ही समजत होतो, ती भर बाजारातून गाडी हाकत होती.

मॅनेजर हळूच म्हणाला की गाडी चालवायचा परवाना आहे का. मामीने पर्स उघडली. बियांच्या पुड्या, रुमाल, बसचे पास यांच्यामधून परवाना काढून समोर धरला. फोटोत ती निळा स्वेटर घालून सरळ कॅमेऱ्याकडे पाहत होती. मामाने तो हातात घेतला. फोटो पाहिला, तारीख पाहिली, मागची बाजू पाहिली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही शेजारी बसला असता," मामी म्हणाली, "आणि मग मी पहिला गिअरसुद्धा टाकला नसता."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आम्ही इतकं भांडलो नसतो, तर कुणी खोलात गेलंच नसतं.

तपासनीस बाई पुन्हा फोमच्या तुकड्यावर गुडघे टेकून बंपरपाशी बसली. तिने खिशातलं मापाचं कार्ड ओरखड्याला लावून पाहिलं. उठून म्हणाली की हा तर कार्डापेक्षा आखूड आहे, रोजच्या वापरातल्या गाडीला एवढा चालतो. क्लचही, गाडी एवढी चालली असेल आणि तिच्यावर कुणी शिकलं असेल, तर झिजणारच. "वापर नाहीच असं तुम्ही सांगितलंत, म्हणून मला ते नुकसानात धरावं लागलं. वापर होता म्हणता, तर दोन्ही रास्त झीज. त्याचं काही लागत नाही."

मी आनंदाने उडीच मारणार होते. पण मॅनेजरने घसा साफ केला. सीट मात्र त्याने आपली चूक समजून सोडली होती, आणि चूक तर त्याच्या माणसाची नव्हती. ते डाग वापराने पडत नाहीत. प्लास्टिक वर्षानुवर्षं तसंच ठेवलं, आत उन्हाने घाम धरला, चिकट झालं आणि कापडाला खाल्लं. ते रास्त झिजेत बसत नाही, ते भरावं लागेल.

म्हणजे जे वापरलं ते माफ झालं, आणि जे जपलं त्याचे पैसे पडले. अति तिथे माती, आणि खरी माती होती तिने काहीच बिघडवलं नव्हतं.

कापायची रक्कम फार नव्हती. अनामत हातात येत होती, तिच्यात व्हॅन बसत होती, फार तर तिला नवा रंग देणं राहिलं असतं. पण छदामही कापला गेला तर व्हॅन नाही, असं मामा म्हणाला होता, आणि मामाचा शब्द म्हणजे बांधलेलं खोकं. एकदा बांधलं की तो ते परत सोडत नाही. मी पुन्हा तलवार उपसली. म्हटलं, सीटचं तुम्ही स्वतःच्या तोंडाने सोडलं होतं, इतके लोक साक्षीला आहेत. मॅनेजरने कपाळाला हात लावला. आणि मामाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पुरे," तो म्हणाला.

आगपेटीवरचा मजकूरसुद्धा वाचून मग काडी ओढणारा हा माणूस. त्याने एक अक्षर न वाचता सही केली. परवाना मामीच्या हातात परत दिला. टोपीवाल्यापाशी जाऊन तो काहीतरी पुटपुटला, मला ऐकू आलं नाही. त्या माणसाने मान हलवली आणि टोपी डोक्यावर घातली. मग मामा गाडीकडे एकदाही न बघता फाटकाबाहेर पडला आणि आम्ही दोघी त्याच्या मागे.

बसथांब्यावर आम्ही तिघं ओळीने बसलो. मामा एका टोकाला, मामी दुसऱ्या, मध्ये मी, कंत्राटदार. दुपार कलत होती. बेकरीवाला वाट पाहत असणार, की दुसऱ्या गिऱ्हाइकाशी त्याचं बोलणंही सुरू झालं असणार. पण बोलायचं कसं. मामी स्वतःच्या नखांतली माती काढत बसली होती आणि चेहरा असा, की काही मागायचं ते एकदा मागून झालं, आता पुन्हा मागणार नाही. मला मामाचा संताप आला होता आणि त्याची दयाही येत होती, दोन्ही एकदम. एक बस आली नि गेली. मामा उठला नाही, म्हणून आम्हीही उठलो नाही.

मग तो समोर बघतच म्हणाला, "खांबाला लागली, तेव्हा तुला काही लागलं का?"

मामीने मान वर केली. तिला हे अपेक्षित नसावं. मलाही नव्हतं.

"गुडघ्याला," ती म्हणाली. "थोडंसं."

"डावा?"

"डावा."

मामा एकदम तिच्याकडे वळला. "जिन्यात पाय घसरला म्हणाली होतीस तेव्हाचं?"

मामीने पदर गुडघ्यावर ओढून घेतला.

"अगं, मी सगळ्या जिन्याला रबराच्या पट्ट्या ठोकल्या. वरपासून खालपर्यंत. पहिल्या मजल्यावरच्यांच्या पायऱ्यांनासुद्धा. ते लोक मला वेडा म्हणाले."

आधी मी हसले, मग मामी. ती इतकी हसली की तिला पदराने डोळे पुसावे लागले, आणि पुसता पुसता ती रडतेय की हसतेय हे मला समजेना. मामा हसत नव्हता. तो तिच्या गुडघ्याकडे पाहत होता. म्हणाला, महिनाभर लंगडलीस, आणि मी रोज रात्री मलम लावून त्या जिन्याला शिव्या घालत होतो. नुसतं सांगायचं तरी होतंस. मामी म्हणाली की सांगितलं असतं तर तुम्ही किल्ली लपवली असतीत. मामा कबूल झाला, म्हणाला, हो, लपवली असती.

पुढची बस दिसली. मी उठले. मामा बसूनच म्हणाला, "बेकरीवाल्याला फोन लाव. म्हणावं, निघालोय."

मी म्हटलं, मामा, तुझी अट. छदाम कापला गेला ना.

"कापले ते माझ्या प्लास्टिकचे कापले," तो म्हणाला. "तिच्या चालवण्याचा एक पैसा कुणी कापला नाही. तूच ऐकलंस ना, रास्त."

मी फोन लावला तेव्हा माझा आवाज इतका चढला होता की बेकरीवाल्याला वाटलं मी त्याच्याशी भांडायलाच फोन केलाय. बसमध्ये मामीला खिडकी दिली. ती सारखी पुढे वाकून ड्रायव्हरच्या हातांकडे पाहत होती आणि प्रत्येक वळणाला तिचा डावा पाय जागच्या जागी दाबला जात होता.

व्हॅन बेकरीच्या मागच्या बाजूला उभी होती. पांढरा रंग पोपडे धरून निघालेला, एक दार पोचा पडलेलं, सीट फाटून आतला फोम बाहेर आलेला. आत अजून पावाचा वास होता. बेकरीवाल्याने पैसे घेतले, कागद दिले आणि लाजत लाजत म्हणाला की गाडी जुनी आहे, तिची मनासारखी निगा राखली नाही मी. मामाने पोचा आलेल्या दारावरून हात फिरवला. बेकरीवाल्याने किल्ली पुढे केली, अर्थातच मामाकडे. गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, त्या घरात गाडी कोण चालवतं.

मामाने किल्ली घेतली. ती मामीच्या तळहातावर ठेवली, आणि व्हॅनला पुढून वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या दारापाशी जाऊन उभा राहिला, ती आतून उघडेपर्यंत.